माप मागच्यासारखंच

६ सप्टेंबर

नोकरी गेल्यापासून रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलं होतं. आज पहिल्यांदा लिहितोय, कारण आज पहिल्यांदा लिहिण्यासारखं काही घडलं. ताईने काम दिलं.

काम दिलं म्हणजे तिने काही मागितलं नाही. मी आपणहून गेलो आणि मागे लागलो. ताईचं बुटांचं दुकान आहे. साधे बूट नाहीत. ज्यांचा एक पाय आखूड, चवडा फताडा, घोटा वाकडा, बोटं एकावर एक चढलेली, अशांसाठी माप घेऊन केलेले बूट. भावोजींनी सुरू केलं. त्यांचाच डावा पाय आखूड होता, बाजारात बूट मिळेना, म्हणून स्वतःच करायला शिकले. ते जाऊन दीड वर्ष झालं. फर्मे, म्हणजे पायाच्या मापाचे लाकडी साचे, करणारे आप्पा तेव्हापासून एकट्याने ओढत होते, त्यांच्या डोक्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे पाय होते. आता तेही मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी नवा कारागीर आलाय, त्याला सगळे 'नवा' म्हणतात. त्याला कोणाचेच पाय माहीत नाहीत. त्याला हवी चिठ्ठी.

मापं आहेत, पण भावोजींच्या जुन्या संगणकात, साध्या मजकुराच्या एका लांबलचक फाइलीत. ताई म्हणाली, "मी बघून बघून लिहून देईन रे त्याला." मी म्हटलं, अगं, मी घरात बसलोय, मी करतो प्रोग्राम. नाव टाकलं की चिठ्ठी बाहेर. पर्ल या माझ्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत तर हा हातचा मळ आहे.

ऑफिसातला तो पोरगेला मॅनेजर मला निरोप देताना म्हणाला होता, "सर, पर्ल अजून चालतं?" बघ म्हणावं आता.

७ सप्टेंबर

जुना संगणक ताईकडून उचलून घरी आणला. बायकोने जेवणाच्या टेबलाचं एक टोक दिलं, दुसऱ्या टोकावर ती मुलांचे पेपर तपासते.

फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. रचना तशी शहाणी आहे. आधी गिऱ्हाइकाचं नाव. त्याखाली थोडं आत सरकून भेटीची तारीख. त्याखाली आणखी आत डावा आणि उजवा. त्याच्याही आत लांबी, चवडा, टाच, घोटा, आणि तळाची जादा उंची. डब्यात डबा, त्यात डबा. पण भावोजी आत सरकायला टॅब दाबायचे आणि ताई दाबते स्पेस, कधी तीन, कधी पाच, मनाला येईल तशी. प्रोग्रामला कसं कळावं कोण कोणाच्या पोटात आहे?

त्यात मध्येच शेरे. 'करंगळी रुसलेली.' 'गृहस्थ फार बोलतात, पाय हलतो.' हे मी कुठल्या खणात घालू?

आणखी एक खोड. फाइलीत सगळ्यात शेवटी भावोजींची स्वतःची नोंद आहे. नवं गिऱ्हाईक आलं की ते त्याला आपल्या नोंदीच्या वर घुसवायचे. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले होते, "दुकान बंद करणारा शेवटी बाहेर पडतो." ठीक आहे, त्यांची हौस. पण ताई अजूनही तसंच करते! प्रत्येक नवीन माणूस त्यांच्या वर. अगं, सरळ शेवटी लिही ना, किती सोपं आहे. पण नाही.

९ सप्टेंबर

टॅब आणि स्पेसचा निकाल लावला. आता 'मागच्यासारखाच' नावाचं नवं दुखणं.

भेटीखाली कित्येक ठिकाणी आकडेच नाहीत. नुसतं लिहिलंय, 'डावा: मागच्यासारखाच.' पाय बदलला नाही तर माप पुन्हा कशाला लिहा, असा नवराबायकोचा काटकसरी कारभार. माणसाला कळतं, प्रोग्रामला मागचा कोण आणि पुढचा कोण? तो प्रत्येक भेटीला नवी कोरी पाटी घेतो. आधीच्या पाटीवरचे आकडे गेलेले असतात, मग 'मागच्यासारखाच' आला की तो रिकामा डबा पुढे करतो.

दिवसभर डोकं आपटलं. नाकी नऊ आले. बायको म्हणाली, "अहो, टेबल हलतंय. माझी सही वाकडी आली."

१० सप्टेंबर

सुटलं! इतकं सोपं होतं की स्वतःचीच पाठ थोपटून घ्यावीशी वाटली. दर भेटीला नवी पाटी कशाला? एकच पाटी सुरुवातीला घ्यायची आणि तीच पुढे चालवायची. आकडे आले की जुन्यावर नवे लिहायचे, 'मागच्यासारखाच' आलं की हात लावायचा नाही. जुने आकडे आपोआप राहतात. फक्त एक ओळ लूपच्या, म्हणजे दर भेटीला फिरणाऱ्या चक्राच्या, आतून उचलून बाहेर ठेवली.

मग फाइल वाचता वाचता प्रत्येक माप पडद्यावर छापून पाहिलं. डोळ्यांत तेल घालून बघत होतो. एकेक गिऱ्हाईक सरकत गेलं, जसं फाइलीत तसंच पडद्यावर. कुठे चूक नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बायकोला सांगितलं. "छान," म्हणाली. पेपर तपासताना ती सगळ्यांनाच छान म्हणते.

१४ सप्टेंबर

आज दुकानातल्या नव्या संगणकावर प्रोग्राम बसवला. काचेच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला ताईचं टेबल, मागे चामड्याची गुंडाळी, आत नव्याचा ओटा. चिकटवायच्या रसायनाचा वास नाकात बसतो. नाव टाकल्याबरोबर संगणकाने चिठ्ठी दिली. पहिली चिठ्ठी व्हायोलिन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची. नव्याने ती दिव्याखाली धरून वाचली. "साहेब, असं पाहिजे. स्पष्ट. आधीच्या ठिकाणी मालक म्हणायचा, अंदाजाने कर."

त्यानंतर एक बाई आल्या. टपाल वाटतात. गेल्या वर्षी सायकलवरून पडल्या, उजवी मांडी मोडली, जोडली, पण पाय थोडा आखूड राहिला. आता टपाल खात्याने सांगितलंय, फिरतीचं काम परत हवं तर चालून दाखवा. तीन ऑक्टोबरला परीक्षा. साहेब सोबत असणार, पिशवी खांद्यावर, एक पूर्ण फेरी, जिन्यांसकट. नापास झाल्या तर तळघरात पत्रं वेगळी करायच्या टेबलावर.

"दादा, मी बसायची बाई नाही हो," मला म्हणाल्या. "बसून पत्रं लावायची आणि वाटायची दुसऱ्याने? मला दारं ओळखतात."

त्यांचं माप ताईने उन्हाळ्यात घेतलंय, उजव्या तळाची उंची डॉक्टरांनी स्वतः येऊन ठरवली होती. सगळं फाइलीत आहे. मी म्हटलं, काळजी करू नका, आता संगणक आहे. ताईने माझ्याकडे बघितलं. ती असं बघते तेव्हा मी दहा वर्षांचा असतो.

१९ सप्टेंबर

व्हायोलिनवाल्यांचा जोड झाला. काळा, नाडीचा. नव्याने ताईच्या टेबलावर ठेवला. ताईने नेहमीप्रमाणे आत हात घातला. बूट घेतल्यावर ती आधी आत हात घालून बघते, कुठे शिवण टोचते का ते. हात घातला आणि तशीच राहिली. कोपरापर्यंत जाईल की काय असं वाटलं. मग दुसऱ्या बुटात घातला. मग दोन्ही बूट घेऊन आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आली तेव्हा डोळे लाल. त्या रसायनाचा मला पण त्रास होतो, खिडकी मोठी करायला हवी.

"झालंय ना नीट?" मी विचारलं.

"काम चांगलं आहे," ती म्हणाली. "नव्याचा हात चांगला आहे."

माझ्या प्रोग्रामबद्दल एक शब्द नाही. ताईकडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर.

२० सप्टेंबर

व्हायोलिनवाले आले. बूट पायात जाईना. म्हणाले, "एवढासा बूट माझा? मी लहान मुलगा आहे का?" मी समजावलं, वयानुसार पाऊल पसरतं, माप जुनं असेल. ते म्हणाले, "दोन महिन्यांत?" तऱ्हेवाईक माणूस. ताईने त्यांच्या पायाचं माप हाताने पुन्हा घेतलं, नव्याला तोंडी सांगितलं आणि क्षमा मागितली. मला बोलली नाही. काळा जोड मात्र तिने टाकला नाही, पिशवीत घालून घरी घेऊन गेली. बहुतेक चामडं उसवून वापरणार. भावोजी गेल्यावर मीच तिचं घर आवरून दिलं होतं, एका दुपारी, कपाट, कोट, बूट, सगळं देऊन टाकलं. तिला तेव्हा काही सुचत नव्हतं. तेव्हापासून ती कुठलीही वस्तू लवकर टाकत नाही. सवय वाईट.

२२ सप्टेंबर

संताप झालाय.

टपालवालीचा जोड तयार झाला, तपकिरी, जाड तळाचा. पायात घातला, उभ्या राहिल्या आणि एकदम डावीकडून उचलल्या गेल्या. जादा उंची डाव्या पायाला! आखूड पाय उजवा.

"दादा, मला आणखी वाकडी केलीत की," असं म्हणून हसल्या. मला हसू आलं नाही.

मी चिठ्ठी बघितली. चिठ्ठीतच डावा. म्हणजे फाइलीतच डावा. म्हणजे ताईने टाइप करताना डावं-उजवं उलटं केलं. समोर बसलेल्या माणसाचा डावा पाय आपल्या उजवीकडे येतो, एवढं साधं! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ताईला शांतपणे सांगितलं. (डबा घेऊन आलेली बायको म्हणते शांतपणे नव्हतं, दुकानाबाहेरच्या माणसाने वळून बघितलं.) ताईने टपालवालीचा तपकिरी बूट हातात घेतला होता. त्यात हात होता तिचा. म्हणाली, "छोट्या, मी उलटं लिहीत नाही. तू ती यादी एकदा शेवटपर्यंत वाच."

"शेवटपर्यंत वाचूनच प्रोग्राम केलाय."

"एकेक नको. सगळी एकदम छाप. शेजारी शेजारी ठेव आणि बघ."

उंटावरून शेळ्या हाकायच्या! शेकड्याने गिऱ्हाइकं, कोण छापणार? आणि ती मला शिकवणार? माझं एक्कावन्न संपलंय आणि तिच्यासाठी मी अजून छोट्याच.

टपालवाली म्हणाल्या, "मी बाहेर थांबू का?"

२३ सप्टेंबर

सोपा उपाय केला. ताईने केलेल्या सगळ्या नोंदींचं डावं-उजवं अदलाबदल करून टाकलं. एक ओळ. नव्याला नवी चिठ्ठी दिली, टपालवालीसाठी दुसरा जोड.

नव्याने चिठ्ठी वाचली आणि डोकं खाजवलं. "साहेब, एक बरं आहे. मला नवा फर्मा करावा लागणार नाही. परवाचाच आहे, फक्त बाजू फिरवतो. तुमच्या गिऱ्हाइकांचे पाय एका आईच्या लेकरांसारखे आहेत."

गंमत्या माणूस आहे. काम हलकं झालं म्हणून खूश दिसला. मीही हसलो. चला, कोणीतरी खूश आहे.

बायकोने रात्री विचारलं, "मूळ फाइल उघडून त्या बाईंची नोंद बघितलीत का?"

"त्यात काय बघायचं? ताईने चुकीचं लिहिलंय तर चुकीचंच दिसणार."

"बरं," म्हणाली आणि तांबडी पेन्सिल तासत बसली.

२५ सप्टेंबर

काही नाही. जुन्या ऑफिसातल्या एकाचा फोन. विचारतो, वेळ कसा घालवतोस? म्हटलं, मरायला फुरसत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीपाशी उभा होतो.

२७ सप्टेंबर

टपालवाली पडल्या.

दुसरा जोड घालून दुकानाच्या दोन पायऱ्या उतरत होत्या. उंची आता योग्य पायाला होती, मीच सगळ्यांच्या आधी "बघा!" म्हणालो. पण उंची फार. त्यांना हवी त्याच्या दुप्पट. दुसऱ्या पायरीवर घोटा मुरगळला आणि गुडघ्यावर आल्या. मी धावलो, नवा धावला. गुडघा सोलवटला, हाड वाचलं. फुटपाथवरच बसून राहिल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तीन तारखेला साहेबांसमोर असं झालं असतं तर?"

मी म्हणालो की डॉक्टरांनी ठरवलेलं मापच चुकीचं असेल. खरंच म्हणालो. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा तोंडातून तेच आलं. नाचता येईना, अंगण वाकडं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो.

ताईने टपालवालीला आत नेऊन बसवलं, गुडघा धुतला, पाणी दिलं. मग माझ्यासमोर आली. आवाज चढवला नाही. "छोट्या, आज घरी जा. सगळी यादी एकदम छाप. प्रोग्राममधून, मूळ फाइलीतून नाही. तू छापेपर्यंत नवा एकाही चिठ्ठीला हात लावणार नाही."

"ताई, पण कशासाठी? तुला नक्की काय दिसलंय ते तरी सांग."

"दिसलं नाही," ती म्हणाली, "हाताला लागलं." आणि वळून गेली.

तीच दुपार

छापलं. तिला खोटं ठरवायलाच छापलं.

व्हायोलिनवाले. डावा, उजवा, लांबी, चवडा, घोटा. त्याखाली पोहायला शिकवणारे मास्तर. तेच आकडे. त्याखाली एक शाळकरी मुलगी. तेच. टपालवाली. तेच. पान उलटलं, तेच. पुढचं, तेच. नावं वेगळी, तारखा वेगळ्या, कुठे माझ्या अदलाबदलीने बाजू फिरलेली, पण पाय एकच. एवढी माणसं आणि सगळी एकाच पायांवर उभी.

अगदी शेवटी भावोजी. तेच आकडे. त्यांचे.

पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली. मग कळलं, आणि कळल्यावर असं वाटलं की कोणीतरी तोंडात मारली. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कधी शहाणपणा सुचणार नाही.

पर्लमध्ये डब्यात डबा ठेवायचा तर खरा डबा ठेवत नाहीत, त्याचा पत्ता ठेवतात. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याच्या मापांच्या पाटीचा पत्ता लिहीत गेलो. पण 'मागच्यासारखाच' सोडवण्याच्या नादात दहा तारखेला मी पाटी एकच ठेवली होती. म्हणजे सगळ्यांना एकाच घराचा पत्ता दिला. फाइल वाचत असताना त्या घरात ज्याचा नंबर असेल तोच राहत होता, म्हणून पडद्यावर सगळं बरोबर दिसलं. वाचून संपलं तेव्हा घरात जो शेवटी शिरला तो राहिला. शेवटी भावोजी. तेच राहिले. आधीच्यांचे आकडे पुसूनच ते आत आले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. टॅबला शिव्या दिल्या, स्पेसला दिल्या, ताईला, डॉक्टरांना, म्हाताऱ्याच्या वयाला. ती एक ओळ परत लूपच्या आत घेतली, मागच्या भेटीचे आकडे नव्या पाटीवर उतरवून घेतले, माझी अदलाबदल काढून टाकली. पुन्हा सगळं छापलं. टपालवाली: उजवा, जादा उंची, डॉक्टरांनी सांगितली तेवढी. ताईने बरोबर लिहिलं होतं. पहिल्यापासून.

२८ सप्टेंबर

सकाळी दुकान उघडायच्या आधी ताईकडे गेलो. कागद पुढे केले. तिने बघितलेही नाहीत.

"भावोजींचं माप होतं सगळ्यांना," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या जोडापासून." ती चहा गाळत होती. "डाव्या अंगठ्याच्या बाजूला त्यांना गाठ होती. तिथे बूट फुगलेला असायचा. तीस वर्षं मी त्या बुटांत हात घातलाय, छोट्या."

त्यांचा पाय बाईच्या पायाएवढा लहान, सगळे चिडवायचे, म्हणून टपालवालीला लगेच शंका आली नाही, हेही आता कळतं. पण राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला आणि मी बोललो. "मग सांगायचं नाहीस? त्याच दिवशी? मी आठवडाभर वेड्यासारखा भांडत होतो. ती बाई पडली!"

"टपालवालीचा जोड हातात आला त्याच क्षणी सांगितलं होतं तुला, शेवटपर्यंत वाच म्हणून. ऐकलंस?"

"त्याच्या आधी, व्हायोलिनवाल्यांच्या वेळी का नाही?"

तिने कपात चहा ओतला, बशीत सांडला, फडक्याने पुसला. "सांगणारच होते रे. म्हटलं, दोन दिवस राहू दे."

दोन दिवस राहू दे म्हणजे काय? चूक म्हणजे लोणचं आहे का मुरवायला? मी खूप चिडलो. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला, साखर एक चमचा जास्त, लहानपणी घालायची तशी. तो मी प्यायलो.

२ ऑक्टोबर

नव्याने टपालवालीचा तिसरा जोड केला. चार दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. मी त्याला खरं सांगितलं तेव्हा म्हणाला, "मग ते 'एका आईची लेकरं' खरंच होतं की," आणि इतका हसला की हातातली आरी खाली ठेवावी लागली. मग गंभीर झाला. "साहेब, पण ज्याचा तो पाय होता, त्याचे बूट फार चांगले झाले होते. उगाच सांगतो."

टपालवालींनी जोड घातला आणि दुकानात एक फेरी मारली, मग गल्लीच्या टोकापर्यंत. मी पायऱ्यांशी उभा होतो, हात पुढे करून, जणू पडणारच आहेत. नाही पडल्या. परत आल्या आणि उजव्या टाचेने जमीन ठोकून बघितली. "दादा," म्हणाल्या, "आता दोन्ही पाय माझे आहेत."

मी माफी मागितली. "मागू नका हो, उद्या मागा," म्हणाल्या. "उद्या नापास झाले तर."

३ ऑक्टोबर

सकाळपासून दुकानात. कशात लक्ष लागेना. टॅब मोजले, स्पेस मोजल्या. नवा एका बुटाला तिसऱ्यांदा पॉलिश करत होता. ताई शांत बसलेली.

दुपारी दार उघडलं. टपालवाली. खांद्याला पिशवी, चेहरा घामेजलेला, आणि बोलायच्या आधी त्यांनी ताईच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. विजेच्या खात्याचं काहीतरी, दुकानाच्या नावाने आलेलं.

"तुमची फेरी माझ्याकडे आली," म्हणाल्या. "साहेब धापा टाकत होते. मी नाही."

ताईने उठून त्यांना जवळ घेतलं. नवा "अरे वा, अरे वा" म्हणत राहिला. मी पाकीट उघडून वाचायला लागलो. विजेच्या दराची सूचना होती. शेवटपर्यंत वाचली.

५ ऑक्टोबर

आता प्रोग्राम बरा चालतोय. फाइल नीट करायची राहिलीय. बरीच गिऱ्हाइकं आता हयात नाहीत, काही गाव सोडून गेली. ती नावं काढून टाकली की यादी हलकी होईल. ताईला सांगितलं. "बघ तुझं तू," म्हणाली. सुरात काहीतरी होतं. अजून रागावलेली आहे.

आज तिच्याकडे गेलो होतो, जुना संगणक परत द्यायला. दारापाशी दोन जोड ठेवलेत, काळा आणि तपकिरी. व्हायोलिनवाल्यांना न बसलेला तो आणि टपालवालीचा पहिला. माझ्या चुकीचे. रोज मला दिसावेत म्हणूनच, दुसरं काय. मी म्हटलं, "चामडं चांगलं आहे, उसवून वापर." "असू दे," म्हणाली. तेही तोंडं आत करून ठेवलेले, घराच्या दिशेने. दारात आडवे येतात. मी पायाने सरळ करून तोंडं बाहेर केली. चहा पिऊन निघालो तेव्हा पुन्हा आत वळवलेले होते. आणि चकाकत होते. माझी चूक ही बाई रोज पॉलिश करते!

घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं, ताईचा राग किती लांबतो ते. ती पेपर तपासत होती. थांबली. "तोंडं आत होती?"

"हो. बाहेरून आल्यावर माणूस काढून ठेवतो तशी. कोणी जाणारं असतं तर बाहेर ठेवली असती ना, तेवढी साधी गोष्ट—"

तिने पेन्सिल ठेवली, उठली, चपला घातल्या आणि ताईकडे निघून गेली. अर्धे पेपर तपासायचे बाकी. ताटं वाढायची बाकी.

परतली तेव्हा अंधार पडला होता. डोळे लाल होते. ताईच्या घरी तर ते रसायन नाही.

"अहो, यादीतून गेलेल्यांची नावं काढलीत का?"

"उद्या काढणार आहे."

"शेवटचं ठेवा."

"भावोजींचं? अगं, पण ते तर—"

"ठेवा," ती म्हणाली. "आणि नवीन कोणी आलं तर त्यांच्या वर घाला. ताई घालतात तसं."

ठीक आहे, ठेवतो. या दोघींचं आपसांत काय ठरतं ते मला कोणी सांगत नाही. तसंही, एका नोंदीने असं काय बिघडणार आहे.